मोलाचा आकडा इतका वेडावाकडा का?

उंबरठा | शनिवार, रात्री १०:१२

लेक अकरावी सायन्सला आहे. काल जेवताना तिने विचारलं, "बाबा, डझन म्हणजे १२, ग्रोस म्हणजे १४४, रीम म्हणजे ५०० कागद. हे सगळे कसे सुटसुटीत आकडे आहेत. मग मोल म्हणजे ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३वा घात, हे कोणाच्या डोक्यातून आलं? माणसांनीच ठरवायचं होतं तर सरळ १० चा २४वा घात का नाही ठरवला?"

मी कॉमर्सवाला. आमटी वाढून घेतली आणि क्लासच्या सरांना विचार म्हणालो. सर म्हणाले, "डझनासारखं समज आणि पाठ कर, मार्क तिथेच आहेत." लेक फुरंगटून बसली आहे, आणि खरं सांगायचं तर आता मलाही झोप येत नाहीये. हा आकडा निसर्गाचा की माणसाचा? निसर्गाचा असेल तर ठरवला कसा, माणसाचा असेल तर असा का? जाणकारांनी कृपया कॉमर्सला झेपेल असं सांगावं.

*

पावशेर | रात्री १०:२०

पयला! चहा घेऊन बसतो. धागा पेटणार.

*

शून्यलब्धी | रात्री १०:५१

लेकीचा प्रश्न सरांच्या उत्तरापेक्षा चांगला आहे, तिला सांगा.

थोडक्यात उत्तर: आकडा माणसाचा, पण माणसाने तो थेट निवडला नाही. माणसाने आधी ग्रॅम निवडला. ग्रॅम ठरला फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, एक घन सेंटिमीटर पाण्याच्या वजनावरून. तेव्हा अणूचं वजन कोणालाच माहीत नव्हतं. पुढे रसायनवाल्यांनी सोयीसाठी म्हटलं की कार्बनचा अणुभार १२, तर १२ ग्रॅम कार्बन घेऊ. आता त्या १२ ग्रॅममध्ये अणू किती? ते निसर्ग सांगणार. ते मोजलं तर ६.०२२ गुणिले १०^२३ निघाले. (^ म्हणजे घात, इथे वर लिहिता येत नाही.)

म्हणजे माणसाच्या ताजव्यातलं वजन आणि अणूचं वजन यांचं ते गुणोत्तर आहे. डझन आधी ठरला आणि मग केळी मोजली. इथे केळ्यांचा घड आधी वजनावर तोलला आणि मग त्यात किती केळी आहेत ते मोजत बसलो. मोजत बसलो ते शंभर वर्षं.

*

मोगरीचा_गजरा | रात्री ११:०५

शून्यलब्धी, घडाचं उदाहरण फार आवडलं. +१

*

अनुस्वार | रात्री ११:१८

एक दुरुस्ती. या आकड्याला ॲव्होगॅड्रो या शास्त्रज्ञाचं नाव आहे, पण ॲव्होगॅड्रो अंक आणि ॲव्होगॅड्रो स्थिरांक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अंक म्हणजे नुसता आकडा. स्थिरांकाला एकक असतं, 'प्रति मोल'. पेपरात एकक लिहिलं नाही तर अर्धा मार्क जातो.

*

पावशेर | रात्री ११:२२

आले! अनुस्वार आले! आता धाग्याला खरी शोभा.

*

लोट्याचा_दादा | रविवार, सकाळी ७:४०

मी केमिकल इंजिनिअर, लोटे एमआयडीसीत बावीस वर्षं. शून्यलब्धी म्हणतात त्याचा पुरावा आमच्या रोजच्या कामात आहे. प्लँटवर ग्रॅमने कोण मोजतंय? आम्ही किलोमोल वापरतो, म्हणजे १२ किलो कार्बनमधले अणू. त्यात आकडा हजारपट होतो. अमेरिकेतल्या जुन्या डिझाइनच्या पुस्तकांत पाउंड-मोल असतो, त्याचा आकडा आणखी वेगळा, २.७३ गुणिले १०^२६. निसर्ग तोच, कार्बन तोच, वजनाचं माप बदललं की आकडा बदलला.

आणि गंमत म्हणजे बावीस वर्षांत मी ॲव्होगॅड्रोचा आकडा कामासाठी एकदाही वापरलेला नाही. ॲस्पिरिनचंच घ्या. १०० किलो सॅलिसिलिक ॲसिड, भागिले १३८.१२, म्हणजे ०.७२४ किलोमोल. एकास एक लागणारं ॲसेटिक ॲनहायड्राइड, ०.७२४ गुणिले १०२.०९, म्हणजे ७३.९ किलो. थोडं जास्तीचं घालतो ते वेगळं. सगळं गुण्यागोविंदाने ॲस्पिरिन झालं तर १३०.४ किलो मिळायला हवं. यात ६.०२२ कुठे आला? दोन्हीकडून कटतो. शिफ्टमधल्या पोरांना 'इक्विव्हलंट किती?', म्हणजे एकास किती, एवढंच विचारतात. त्यामुळे माझ्या मते हा आकडा परीक्षेपुरताच.

*

शून्यलब्धी | सकाळी ९:०२

दादा, कटतो हे मान्य, परीक्षेपुरताच हे नाही. तुम्हाला रेणूंचं प्रमाण हवंय, संख्या नकोय, म्हणून तो कटतो. एका इलेक्ट्रॉनच्या विद्युतभारापासून मोलभर इलेक्ट्रॉनांचा विद्युतभार, एका रेणूच्या ऊर्जेपासून सिलिंडरमधला दाब, असा एका कणापासून ढिगापर्यंत जिना चढायचा असेल तर आकडा लागतोच. वायूचा स्थिरांक ८.३१४ तुम्ही रोज वापरता ना? तो बोल्ट्झमनचा, म्हणजे एका कणासाठीचा, स्थिरांक गुणिले ॲव्होगॅड्रोचाच आहे. तुम्ही वापरता, फक्त त्याने बुरखा घेतलेला असतो.

*

लोट्याचा_दादा | सकाळी ९:१५

बुरख्याचं मान्य. :)

*

तिळगूळ | सकाळी ९:३३

मराठी माणसाने ग्रॅमऐवजी तोळा जगाच्या गळ्यात मारला असता तर? तोळा ११.६६४ ग्रॅमचा. १२ तोळे कार्बन म्हणजे साधारण १४० ग्रॅम. मग ॲव्होगॅड्रोचा आकडा ७.०२ गुणिले १०^२४ झाला असता. उंबरठा, लेकीला हे सांगा, लगेच पटेल.

*

मोगरीचा_गजरा | सकाळी ९:४१

आणि मोलाचा भाव सराफ कट्ट्यावर लागला असता.

*

पावशेर | सकाळी ९:५०

मोलावरून आठवलं. 'कवडीमोल' म्हणजे एक मोल कवड्या ना? हिशोब केला. कवडी एक घन सेंटिमीटर धरली आणि मधल्या फटी धरल्या, तर एक मोल कवड्यांचा सगळ्या पृथ्वीवर, समुद्र धरून, दीड-दोन किलोमीटर जाडीचा थर बसेल. तेव्हा इथून पुढे कोणाची जमीन कवडीमोलाने गेली असं ऐकलं तर हळहळू नका, त्याची चांदी झाली समजा.

*

अनुस्वार | सकाळी १०:१०

पावशेर, तो 'मोल' संस्कृत 'मूल्य'वरून आला आणि हा लॅटिन 'मोलेस' म्हणजे ढीग यावरून. काही संबंध नाही.

*

पावशेर | सकाळी १०:११

ढीग तर ढीग. कवड्यांचा ढीगच म्हणत होतो.

*

वरणफळ | सकाळी ११:२७

आमच्या आजोबांच्या पाटीवरच्या अंकमोजणीत परार्ध शेवटचा असायचा. एकं, दहं, शतं करत अठराव्या स्थानावर, म्हणजे १०^१७. त्या हिशोबाने एक मोल म्हणजे साठ लाख बावीस हजार एकशे चाळीस पूर्णांक शहात्तर शतांश परार्ध. पूर्ण लिहायचा तर ६,०२,२१,४०,७६,००,००,००,००,००,००,०००. तोंडी सांगायचं तर सहाशे दोन कोटी कोटी कोटी आणि वर थोडे. लेकीने परीक्षेत परार्धात उत्तर लिहिलं तर सर काय करतील हे बघायला आवडेल.

*

कैरी_परदेशी | दुपारी १:०५

मी ब्राउनश्वाइगला राहते, जर्मनीत. जर्मन मापनशास्त्राची राष्ट्रीय संस्था याच गावात आहे आणि हा आकडा शेवटी बारकाईने मोजण्यात तिचा मोठा वाटा. म्हणून थोडं गावचं कौतुक.

त्यांनी अणू चक्क मोजले. अर्थात एकेक करून नाही. शुद्ध सिलिकॉनचा स्फटिक घ्यायचा. त्यात अणू चाळीतल्या खोल्यांसारखे ओळीत बसलेले असतात, प्रत्येक घनाकृती 'खोली'त ८ अणू. खोलीची बाजू क्ष-किरणांनी मोजायची, ती ०.५४३ नॅनोमीटर. मग त्या स्फटिकाचा एक किलोचा गोळा करायचा, व्यास ९३.७ मिलिमीटर, म्हणजे मोठ्या मोसंब्याएवढा. गोळाच का? तर एकच माप, व्यास, नीट घेतलं की आकारमान मिळतं, कोपरे झिजायची भानगड नाही. आकारमान भागिले एका खोलीचं आकारमान, गुणिले ८. अणू मिळाले.

सिलिकॉनचे तीन समस्थानिक, म्हणजे वेगवेगळ्या वजनाचे अणू, एकत्र असतात, मग सरासरी वजनात घोळ होतो. म्हणून रशियात सिलिकॉन-२८ वेगळा काढला, ९९.९९ टक्क्यांहून शुद्ध. स्फटिक बर्लिनला वाढवला. ऑस्ट्रेलियात तो घासून असा गुळगुळीत केला की गोळा पृथ्वीएवढा फुगवला तर सगळ्यात उंच डोंगर आणि सगळ्यात खोल दरी यांत काही मीटरचाच फरक राहील. वर ऑक्साइडचा पातळ थर बसतो, तोही मोजून वजा केला. शेवटी चूक दहा कोटींत एक-दोन एवढी उरली.

आणि उंबरठा, तुमच्या लेकीने 'कोणी ठरवलं' विचारलं त्याला खरंखुरं उत्तर आहे. १६ नोव्हेंबर २०१८, व्हर्साय, वजनमापांची आंतरराष्ट्रीय परिषद. २० मे २०१९ पासून लागू. त्याआधी आकडा मोजायचा असायचा आणि १२ ग्रॅम ठरलेले. आता आकडा ठरलेला, त्यात दशांशानंतर पुढे काही उरत नाही, आणि कार्बनचे १२ ग्रॅम मोजायचे.

*

उंबरठा | दुपारी २:३०

बापरे. एवढं सगळं असेल असं वाटलं नव्हतं. म्हणजे २०१९ ला मोकळीक मिळाली होती, तरी त्यांनी सहा किंवा दहा असा गोल आकडा का नाही घेतला? लेक शेजारी बसून वाचतेय, हा प्रश्न तिचाच.

*

शून्यलब्धी | दुपारी २:५८

गोल, समजा सहा, केला असता तर जगातल्या प्रत्येक बाटलीवरचा रेणुभार बदलावा लागला असता. पाणी १८.०२ ग्रॅमऐवजी १७.९५, मीठ ५८.४४ ऐवजी ५८.२३. लोट्याच्या दादांची बॅचशीट पुन्हा छापावी लागली असती. म्हणून जुन्या मोजणीचा उत्तम आकडा उचलला आणि खिळा ठोकला. नव्या हिशोबात कार्बन तंतोतंत १२ राहिला नाही, पण फरक अब्जांशाच्या आसपास.

मध्ये दोन अमेरिकन प्राध्यापकांनी सुचवलं होतं की निदान पूर्ण घन तरी घ्या, ८,४४,४६,८८८ चा घन. म्हणजे एका घनाकृती ठोकळ्याच्या प्रत्येक कडेवर तेवढे अणू. कोणी मनावर घेतलं नाही.

*

तिळगूळ | दुपारी ३:१२

ठरलेल्या आकड्याची आणखी एक गंमत. अंकांची बेरीज करा, ६+०+२+२+१+४+०+७+६ = २८. तीनने भाग जात नाही. म्हणजे एक मोल केळी डझनाने बांधायला घेतली तर शेवटी ४ केळी उरतात. 'डझनासारखं समज' म्हणणाऱ्या सरांना ती चार द्या.

*

मोगरीचा_गजरा | दुपारी ३:१५

=)) =)) तिळगूळ, मान गये.

*

हळदीकुंकू | दुपारी ४:४०

मी होमिओपॅथीची औषधं घेते आणि मला गुण येतो. कोणीतरी म्हणालं होतं की या आकड्यामुळे आमची औषधं 'रिकामी' ठरतात. कोणी भांडण न करता समजावेल का?

*

पावशेर | दुपारी ४:४१

*खुर्चीचा पट्टा बांधतो*

*

शून्यलब्धी | संध्याकाळी ५:२०

भांडण न करता. '१सी' म्हणजे शंभरपट पातळ. '१२सी' म्हणजे तसं बारा वेळा, १०^२४ पट. सुरुवात पूर्ण एक मोल औषधाने केली तरी तेवढ्या पातळीवर सरासरी एकही रेणू उरत नाही, ०.६ उरतो. '३०सी' तर १०^६० पट. १एक्स, ३एक्स (एक्स म्हणजे दहापट पातळ) किंवा मूळ अर्क यांत मात्र पदार्थ असतो, तेव्हा सगळ्याच बाटल्या रिकाम्या असं नाही.

होमिओपॅथीचे जनक हानेमान यांचा मूळ ग्रंथ १८१० चा, ॲव्होगॅड्रोचा लेख १८११ चा, आणि आकडा हातात यायला पुढे पन्नासहून जास्त वर्षं. हानेमानना हे कळायला मार्गच नव्हता. आज मात्र आहे. गुण का येतो हा वेगळा विषय, त्यासाठी वेगळा धागा काढू.

*

तिळगूळ | संध्याकाळी ५:३३

तुलनेला एक. ग्लासभर, पाव लिटर पाण्याचे सगळे रेणू ओळखीचे करून मुरुडला समुद्रात ओता. जगातले सगळे समुद्र नीट ढवळा. मग कुठूनही ग्लासभर पाणी काढा. त्यात तुमचे ओळखीचे सुमारे दीड हजार रेणू सापडतील. म्हणजे ३०सीपेक्षा अरबी समुद्र जास्त 'स्ट्राँग'.

*

हळदीकुंकू | संध्याकाळी ५:४५

हा समुद्राचा हिशोब पटला. गोळ्या गोड असतात तेवढ्यासाठी घेत राहीन. ह. घ्या.

*

जुनाच_डबा | संध्याकाळी ७:१०

धागा पुन्हा रुळावर आणतो. कोणीच ॲव्होगॅड्रोबद्दल बोललं नाही.

बिचारा तुरीनचा, जन्म १७७६. शिकला कायदा, वकिली सोडून पदार्थविज्ञानाकडे वळला. १८११ ला म्हणाला की तापमान आणि दाब सारखे असतील तर कुठल्याही वायूच्या सारख्या आकारमानात रेणूंची संख्या सारखी असते. किती असते ते त्याने सांगितलंच नाही, सांगता येण्यासारखं नव्हतं. पन्नास वर्षं फारसं कोणी ऐकलं नाही. १८५६ ला गेला. १८६० ला कार्ल्सरूहच्या परिषदेत त्याच्याच देशाच्या कान्निझारोने बाजू मांडली आणि मग सगळे जागे झाले. १८६५ ला व्हिएन्नाच्या लोश्मिटने रेणूचा आकार काढला, आणि त्यावरून संख्येचा पहिला अंदाज करता आला. म्हणून जर्मन पुस्तकांत बरेच दिवस 'लोश्मिट संख्या' लिहायचे. कैरीताई, बरोबर ना? ॲव्होगॅड्रोचं नाव दिलं ते फ्रान्सच्या झाँ पेरँने, १९०९ ला.

पेरँचा प्रयोग माझा सगळ्यात आवडता. गॅम्बोज नावाचा पिवळा डिंक असतो, रंगाऱ्यांचा. झाड गार्सिनिया, म्हणजे आपल्या कोकमाची भावकी. पेरँने तो पाण्यात घोटून त्याचे सारख्या आकाराचे बारीक कण वेगळे केले, त्रिज्या ०.२१२ मायक्रॉन. थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून वेगवेगळ्या उंचीवर किती कण दिसतात ते मोजले. तळापासून ५, ३५, ६५, ९५ मायक्रॉनवर प्रमाण आलं १००, ४७, २२.६, १२. म्हणजे दर ३० मायक्रॉनला साधारण निम्मे.

आता वर बघा. आपली हवाही अशीच वर विरळ होते, दर साडेपाच किलोमीटरला साधारण निम्मी. नियम तोच, फक्त कण जड म्हणून पायऱ्या बुटक्या. साडेपाच किलोमीटर भागिले तीस मायक्रॉन, म्हणजे पाण्यातला तो कण हवेच्या रेणूच्या सुमारे अठरा कोटी पट जड. कणाचं वजन पेरँला माहीत होतं. भागलं की रेणूचं वजन, आणि त्यावरून ॲव्होगॅड्रोचा आकडा, सातच्या आसपास गुणिले १०^२३. पाण्याच्या एका थेंबात अख्खं वातावरण उभं केलं त्याने! १९२६ ला नोबेल मिळालं.

आणि 'मोल' हा शब्द आणणारा रसायनशास्त्रज्ञ ओस्टवाल्ड? त्याचा अणूंवर विश्वासच नव्हता. पेरँ वगैरे मंडळींची कामं बघून शेवटी मानला.

*

कैरी_परदेशी | संध्याकाळी ७:२५

बरोबर. इथे स्थिरांकाला अजूनही काही जण लोश्मिटचा 'एल' लावतात.

*

लोट्याचा_दादा | रात्री ८:०५

डबा, सुंदर लिहिलंय. कोकमाची भावकी म्हटल्यावर कोकणातला माणूस म्हणून छाती फुगली. मी वर 'परीक्षेपुरता' म्हणालो ते मागे घेतो, अर्धं.

*

बासुंदी | रात्री ८:५०

अवांतर: एफवायला ऑक्झॅलिक ॲसिडचं द्रावण करायचं होतं. बाटलीवर द्विजलीय लिहिलेलं, म्हणजे लिटरला ६.३ ग्रॅम. मी पाण्याचे दोन रेणू विसरले आणि ४.५ च्या हिशोबाने तोललं. गरम द्रावणात ब्युरेटमधून परमँगनेट सोडतेय, गुलाबी रंग नेहमीच्या खूप आधी टिकला. वाटलं आपला हात बसला! तीनही रीडिंग अगदी सारखी, मी खूश. बाईंनी वही बघितली आणि म्हणाल्या, "बासुंदी, पाण्याचेही पैसे पडतात हो." तेव्हापासून हेच टोपणनाव.

*

जुनाच_डबा | रात्री ९:०४

उंबरठा, लेकीला घरी आकडा काढायचाय का? खरंच निघतो, ढोबळ. सायन्सचं सामान मिळतं त्या दुकानातून ओलेइक ॲसिड आणा. ते स्पिरिटमध्ये पाचशे भागांत एक भाग असं मिसळा. स्पिरिट आहे, तेव्हा गॅस बंद. मोठ्या परातीत पाणी, वर पावडर भुरभुरवा. मध्ये ड्रॉपरने एक थेंब. स्पिरिट उडून जातं, तेल पसरतं, पावडर बाजूला सरकून गोल मोकळा होतो. माझा १६ सेंटिमीटरचा आला होता. ड्रॉपरचे ५० थेंब म्हणजे एक मिलिलिटर, त्यावरून थेंबातलं तेल काढा, गोलाच्या क्षेत्रफळाने भागा. थराची जाडी दोन नॅनोमीटर निघाली. तीच रेणूची लांबी. त्यावरून एका रेणूचं आकारमान काढा आणि एक मोल तेलाच्या आकारमानाला त्याने भागा.

रेणू घनाकृती मानला तर आकडा ४ गुणिले १०^२२ येतो, पंधरापट कमी. लांबी रुंदीच्या दहापट मानली तर ४ गुणिले १०^२४, सहापट जास्त. खरा आकडा मध्ये कुठेतरी. परातीवर एवढं कळतं हेच खूप झालं.

*

उंबरठा | पुढचा रविवार, दुपारी १२:४८

सगळ्यांचे आभार. तोळ्याचं उदाहरण ऐकून लेक म्हणाली, "मग सर डझनासारखं का म्हणाले? ते किलोसारखं म्हणायला हवं होतं." आता हे सरांना कोणी सांगायचं यावर घरात चर्चा चालू आहे.

आज परात काढली. बायकोने पुरणाची परात दिली नाही, जुनी दिली. थेंब सोडला तर गोल झालाच नाही, चिरफळ्या पडल्यासारखी पावडर फाटली. दुसऱ्यांदा ओबडधोबड ११ सेंटिमीटरचा काहीतरी आला. जाडी चार नॅनोमीटर. कुठे चुकलं?

*

जुनाच_डबा | दुपारी १:०२

पावडर जास्त झाली. साय आल्यासारखी दिसत असेल तर नक्कीच. मलमलच्या फडक्यात बांधून वरून हलकेच टिचकी मारा, खालचं पाणी दिसत राहिलं पाहिजे. परात आधी भांड्याच्या साबणाने धुतली होती का? साबणाचा अंश राहिला तरी तेल नीट पसरत नाही. गरम पाण्याने चार वेळा विसळा आणि पंखा बंद करा.

*

उंबरठा | दुपारी १:०९

साबणाने धुतली होती. आणि पंखाही चालू होता. परत करतो.